गोधडीचा पाचवा पदर

आज बोलायचं आहे गोधडीवर. टाका कसा घालायचा ते आम्ही सांगणार नाही, ते तुम्हाला आमच्याइतकंच येतं. आज सांगायचं आहे ते गोधडी शिवताना आपल्या तोंडात येणाऱ्या शब्दांबद्दल. हे शब्द आपण हसण्यावारी नेतो. पण जुनी कागदपत्रं तपासावीत तसे ते तपासले, तर त्यात आपल्या कामाचा हिशेब सापडतो, असं आमचं म्हणणं आहे.

आधी गावाची ओळख. आमचं बेलापूर प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. फोनवर बेलापूर म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "नवी मुंबई का?" त्याला आम्ही सरावलो आहोत. गंमत म्हणजे दौंड-मनमाड मार्गावरचं बेलापूर स्टेशनसुद्धा आमच्या गावात नाही, ते श्रीरामपुरात आहे. हा रेल्वेमार्ग १८७८ साली सुरू झाला. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. एवढं आपल्या पोरांनाही पाठ असतं.

ऊस आला तसे तोडणारे आले. दिवाळी झाली की बीड, पाथर्डीकडून बैलगाड्या यायच्या, आता ट्रॅक्टर येतात. गाडीत भांडीकुंडी, पोरं, कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर गोधड्यांची वळकटी. तोडणीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला "कोयता" म्हणतात. एकटाच माणूस आला तर तो "अर्धा कोयता". माणसाला हत्याराचं नाव पडलेलं. पण पौषातल्या थंडीत कोपीमध्ये त्या कोयत्याला तगवते ती गोधडी, आणि ती त्यातल्या बाईनेच गावाकडे उन्हाळ्यात बसून शिवलेली असते. मुकादम उचल देतो ती तोडणीच्या कामाची. शिवणाऱ्या हाताची उचल कुणी ऐकली आहे का?

आता गोधडीचा आकार बघा. तो ठरवला लुगड्याने. नऊवारी लुगडं म्हणजे ९ वार, म्हणजे २७ फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की लांबी येते पावणेसात फूट. उंच माणूस पाय पसरून झोपला तरी पुरते. पन्हा साधारण चार फुटांचा. म्हणजे एक लुगडं चौपदरी केलं की एका माणसाचं अंथरूण तयार. चौघडी हे नाव त्या चार घड्यांवरूनच. नगरचे पद्मसाळी विणकर हातमागावर लुगडी विणत होते, तेव्हा आपण याच्या मापाने गोधडी शिवणार आहोत असं त्यांच्या मनातही नसेल. पण माप त्यांच्याच मागावर पडलं.

लुगडं लगेच गोधडीत जात नसे. मधे विरलं की विरलेला भाग कापून काढायचा आणि धड तुकडे जोडायचे. त्या जोडाला दंड म्हणतात. दंड घातलेलं लुगडं पुन्हा काही दिवस अंगावर. मग ते जुनेर व्हायचं. जुनेराची गोधडी, आणि ती गोधडी फाटली की तिला दुसऱ्या गोधडीच्या आत घालायची. मऊ झालेल्या तुकड्याचं बाळाचं दुपटं, आणि अगदी शेवटी चुलीजवळचं पोतेरं. एका लुगड्याने लग्नापासून चुलीपर्यंत इतके जन्म घेतले. आमच्यातल्या एक आजी म्हणतात, "माणसाला चौऱ्याऐंशी लक्ष फेरे, लुगड्याला पाचच, पण एकही वाया गेला नाही."

पुढे पाचवारी आली. तिचे झाले १५ फूट. चार घड्या घातल्या तर पोराचंही अंथरूण होईना, दोनच पदर मिळायचे. त्यापाठोपाठ नायलॉन आणि टेरिलीन आलं. ते फाटत नाही हा त्याचा गुण, आणि तोच गोधडीच्या दृष्टीने अवगुण. सुती जुनेर एकावर एक ठेवलं की एकमेकांना धरून बसतं. नायलॉनचे पदर सुईखालून निसटतात, घाम शोषत नाहीत, रात्रभर अंगावरून घसरतात. त्यात दारात बोहारीण आली. चार साड्यांवर एक स्टीलचा डबा. बोहारणीवर आमचा राग नाही, तीही डोक्यावर पाटी घेऊन उन्हातान्हात पोटासाठीच फिरते. पण घरातल्या चांगल्या सुती साडीने कुठे जायचं, डब्याच्या वाटेने की गोधडीच्या, हे भांडण कित्येक वर्षं आपल्या ओट्यावर चाललं आहे. आणि बरेचदा डबा जिंकला आहे.

तरी गोधडी गेली नाही. शेतातली सुगी आवरली, उन्हाळ्याची वाळवणं उरकली की जी दुपार हाती लागते ती गोधडीची. भादव्यात घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर न्यायच्या, आपटून धुवायच्या, काठच्या दगडांवर वाळत घालायच्या. त्या दिवसात प्रवरेचा काठ बघावा. कुणाच्या घरात किती माणसं, कुणाची परिस्थिती काय, सून हाताची कशी, सगळं उन्हात मांडलेलं असतं. आपल्याच जिल्ह्यात कर्जतचं ग्रामदैवत संत गोदड महाराज. गोदड म्हणजे गोधडीच. आषाढातल्या कामिका एकादशीला त्यांचा रथ निघतो. ज्या वस्तूचं नाव देवमाणसाला शोभलं ती वस्तू घरात मात्र "ती फाटकी गोधडी आण गं" अशी हाकारली जाते.

आता शब्द. यातले काही आमच्या सासवांच्या तोंडचे, काही गेल्या दोन-चार वर्षांत आमच्या बैठकीतच जन्मलेले. कुठला कोणाचा हे वेगळं करायला बसलं तर भांडण होईल.

आतल्या भरणीला आम्ही पोट म्हणतो. भरण कमी पडली तर गोधडी उपाशी. बरोबर भरली तर जेवलेली. आणि कुणी जुन्या चादरी, धोतरं, शाळेचे गणवेश, सगळंच आत कोंबलं तर ती सातव्या महिन्याची. सातव्या महिन्याची गोधडी धुवायला दोघी लागतात आणि वाळायला दोन दिवस, म्हणून ती शिवणारीला टोमणा ऐकून घ्यावा लागतो. अंगाकडची बाजू मऊ, जुन्यातल्या जुन्या सुती कापडाची. ती माहेरची बाजू. जमिनीकडची राकट, ती सासरची. नवी सून बसली असेल तर आजी मुद्दाम मोठ्याने विचारतात, "काय गं, सासरची बाजू टोचते का?"

बारीक, सारखा टाका म्हणजे मुंगी. लांब टाका म्हणजे बेडूक. "तुझ्या मुंग्या कुठे गेल्या, नुसते बेडूक उड्या मारतायत" असं म्हटलं की ती बाई समजते. दोरा फार लांब घेतला तर "शिर्डीला पोचला." लांब दोरा गुंततो, त्यात वेळ जातो, पण सुईत ओवायचा कंटाळा असणारीला तोच बरा वाटतो. बोटाला सुई लागून रक्ताचा थेंब कापडावर पडला तर "कुंकू लागलं." चुकलेले टाके उसवत मागे यायचं म्हणजे परतवारी. पंढरीला जाताना टाळ-मृदंग असतात, परत येताना कुणी विचारत नाही, तसंच ते. आणि घातलेली ओळ वाकडीतिकडी नागमोडी गेली, तर... हे रेडिओवर बोलावं का, असा आमच्यात बराच खल झाला. तर "बैल मुतला." चालता बैल मुतला की रस्त्यावर जशी रेघ उमटते तशी ती ओळ. नाकं मुरडणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, संस्कृतात अशा नागमोडी रचनेला गोमूत्रिका म्हणतात. काव्यशास्त्रात त्या नावाचा बंध आहे. पंडितांनी म्हटलं तर शास्त्र, आणि आम्ही म्हटलं तर चावटपणा!

ट्रंकेत साठवून ठेवलेलं चांगलं कापड म्हणजे एफडी. एखादीने आईची इरकल कापायला काढली की बाकीच्या गप्प होतात, मग कुणीतरी म्हणतं, "आज एफडी मोडली." अर्धवट राहिलेली गोधडी म्हणजे तारखेवर. कोर्टातल्या जमिनीच्या दाव्यासारखी. आमच्यातल्या एकीची सात वर्षं तारखेवर आहे. तिची मुलगी तेव्हा पाचवीत होती, आता बारावीला बसली.

चौघडीला पदर चार. पाचवा पदर म्हणजे शिवताना चालणारं बोलणं. "आज पाचवा पदर जाड झाला" म्हणजे गप्पा फार झाल्या, ओळी कमी झाल्या. घरी जाऊन नवऱ्याला किंवा सासूला हेच सांगितलं तरी कुणाला काही कळत नाही, ही त्यातली सोय.

या सोयीला दुसरी बाजू आहे. गोधडी शिवताना दोऱ्याची गाठ कधी वर ठेवत नाहीत, ती आतल्या पदरात ओढून घेतात, नाहीतर अंगाला टोचते. आमच्यात कुणी "गाठ आत" म्हणालं, तर आता जे सांगितलं जाईल ते या सतरंजीबाहेर जायचं नाही. किती तरी गोष्टी अशा आत घेतल्या आहेत. कुणाच्या दंडावरचा वळ, कुणाच्या नावावर नवऱ्याने परस्पर काढलेलं कर्ज, कुणाच्या मुलीची ठरवलेली सोयरीक आणि मुलीचं खरं वय. दोन सोयरिकी आम्ही सगळ्या मिळून घरी जाऊन थांबवल्या. कशा, ते गाठीच्या आतलं आहे. पण आधी हसल्या नसत्या तर या बाया बोलल्या नसत्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्या बैठकीत बैल मुतला म्हणून हसता येतं, त्या बैठकीत रडताही येतं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत गोधडीला क्विल्ट म्हणतात, आणि बाया एकत्र बसून शिवतात त्या बैठकीला "बी". त्या शब्दाचा दुसरा अर्थ मधमाशी. तिकडच्या बायांचीही अशीच बोली आहे. अर्धवट क्विल्टला त्या "यूएफओ" म्हणतात. ते नाव खरं तर आकाशात दिसणाऱ्या अनोळखी तबकडीचं, पण त्यांनी त्याच अक्षरांतून "न संपलेली वस्तू" असा अर्थ काढला. म्हणजे त्यांचं आकाशात आणि आपलं कोर्टात. टाके उसवण्याला त्या बेडकाचं नाव देतात, कारण इंग्रजीत "उसव, उसव" म्हटलं की बेडकाच्या ओरडण्यासारखं ऐकू येतं. आपल्याकडे बेडूक लांब टाक्यात बसला, तिकडे उसवण्यात. बिचाऱ्याला दोन्हीकडे कामाला लावलं आहे. साठवलेलं कापड इतकं झालं की उरलेल्या आयुष्यात संपणार नाही, त्यालाही त्यांच्यात खास नाव आहे.

त्यांच्या एका नागमोडी नक्षीचं नाव आहे "दारुड्याची वाट". वळणं घेत, झोकांड्या खात गेलेले तुकडे. आमच्या बैलाचा हा सख्खा भाऊ. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात बायांनी दारूबंदीची मोठी चळवळ केली, त्या बायांशी ही नक्षी जोडली जाते. आपल्याकडे बाटली आडवी करायला बायांना मतदान करावं लागलं, हे तुम्ही जाणताच. घरातलं दुखणं पांघरुणावर काढून ठेवायचं आणि त्याला नाव देऊन हसायचं, ही रीत समुद्रापलीकडेही आहे म्हणायची.

त्याच देशात अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं गाव आहे. तीन बाजूंनी नदीचं वळण. गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या लोकांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बाया कामाच्या जुन्या कपड्यांच्या, गुडघ्यावर विरलेल्या विजारींच्या गोधड्या शिवत. लांब सरळ पट्ट्या जोडलेल्या सोप्या नक्षीला त्यांनी नाव दिलं "आळशी पोरगी". १९६०च्या दशकात तिथल्या काळ्या माणसांनी मतदार यादीत नाव घालायला सुरुवात केली, तेव्हा पलीकडच्या गावाला जाणारी नाव १९६२ मध्ये बंद करण्यात आली. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांतल्या अनेकांना कसत असलेल्या जमिनीवरून हाकललं. या धामधुमीत १९६६ साली त्या भागातल्या बायांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली, "फ्रीडम क्विल्टिंग बी". फ्रीडम म्हणजे स्वातंत्र्य. गोधड्या न्यूयॉर्कला लिलावात गेल्या, पैसा आला. संस्थेने जमीन घेतली आणि त्यातली काही हाकललेल्या कुटुंबांना दिली.

पुढचं ऐका, कारण आमचा सगळा मुद्दा इथे आहे. शहरातल्या मोठ्या दुकानांची कामं आली. दुकानाला प्रत्येक नग सारखा हवा. टाका सारखा, रंग सारखा, माप सारखं. १९७२ पासून सीअर्स नावाच्या मोठ्या कंपनीसाठी त्यांनी उशांचे अभ्रे शिवले, एकसारखे. त्यातून पगार सुटला, पोरं शिकली, ते खरंच आहे. पण त्यात आळशी पोरगीला जागा नव्हती. मग २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये गीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर लागल्या आणि जाणकारांनी तोंडात बोट घातलं. त्या गोधड्या बायांनी घरासाठी, आपल्या मनाने, नावं ठेवत आणि हसत शिवलेल्या होत्या.

जवळचंच उदाहरण घेऊ. अहमदाबादच्या दरियापूर भागात मुस्लीम बाया गिरण्यांच्या चिंध्या जोडून खोळी शिवत. व्यापारी चिंधी द्यायचा आणि नगावर मोजून पैसे द्यायचा. इला भट्ट यांनी १९७२ साली सुरू केलेल्या "सेवा" संघटनेत या बाया आल्या, दर वाढवून मागितला. मागणाऱ्यांचं काम बंद झालं, तेव्हा चिंधी थेट गिरण्यांकडून मिळवायची खटपट झाली, आणि त्यातून "सबीना" नावाची त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आपण ज्याला चिंधी म्हणून फेकतो त्यावर इतकी मोठी लढाई झाली आहे.

आणि कर्नाटकात, कारवारच्या वरच्या अंगाला, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी लोक राहतात. आफ्रिकेतून आलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या बाया ज्या गोधड्या शिवतात त्यांच्या चारही कोपऱ्यांत घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना फुला म्हणतात. फुला नसेल तर गोधडी नागडी, असं त्या म्हणतात. हे आमच्यात वाचून दाखवलं तेव्हा एका मावशींनी लगेच आपल्या गोधडीचे कोपरे तपासले. त्या फुलांनी ऊब वाढत नाही, अंथरूण मोठं होत नाही. व्यापाऱ्याच्या हिशेबाने तो फुकट गेलेला वेळ. बाईच्या हिशेबाने तेवढं नसेल तर गोधडी लोकांसमोर आणायच्या लायकीची नाही.

तर आमचा हिशेब. दोन वर्षांपूर्वी एक व्यापारी गटाकडे आला. शहरात हाताच्या गोधडीला मागणी आहे म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. कापड त्याचं, नवं. एका गोधडीला मजुरी ३६० रुपये. टाका एकसारखा, ठिगळ नको, रंग तो सांगेल तो. आकडा ऐकून पहिल्यांदा सगळ्यांना बरा वाटला. मग बारावी झालेल्या आमच्या एका सुनेने वही काढली.

गोधडी पावणेसात फूट लांब, चार फूट रुंद. म्हणजे ८१ इंच आणि ४८ इंच. कडेपासून फिरत फिरत मधे यायचं, दोन ओळींत एक इंच अंतर. सगळ्या ओळी सरळ केल्या तर ३,८८८ इंच, म्हणजे ३२४ फूट शिवण. इंचाला तीन टाके धरले तर ११,६६४ टाके. मिनिटाला आठ टाके पडतात, हे आम्ही घड्याळ लावून बघितलं. चार पदरांतून सुई काढायची तर याहून जास्त होत नाहीत. १,४५८ मिनिटं. म्हणजे २४ तास. यात सुई ओवणं नाही, परतवारी नाही, कुंकू पुसणं नाही. २४ तास म्हणजे आठ तासांचे तीन दिवस. ३६० भागिले २४, तासाला १५ रुपये. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. तीन दिवसांचे ८९१.

वही मिटली तेव्हा पाचवा पदर एकदम पातळ झाला होता.

आम्ही ८९१ मागितले. व्यापारी हसला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही हे छंद म्हणून करता ना? मग वेळ कशाला मोजता?" हा शब्द आम्हाला फार दिवस पुरला. छंद. पुण्या-मुंबईत गोधडी शिकायला बाया फी भरून जातात, तो त्यांचा छंद, आणि त्यात वाईट काही नाही. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर मोठं पुस्तकही केलं आहे. त्यामुळे आपल्या आजीची गोधडी बघण्यासारखी असते हे दूरच्या लोकांना कळलं. पण आमच्या मते छंद तो, जो सोडला तर घरात कुणी कुडकुडत नाही. मग आमचं काय? थोडा छंद आहे, थोडं घरकाम आहे, थोडी मजुरी होऊ शकते. या तिन्हींची खिचडी केली की नेहमी मजुरीच पातळ होते, असं आम्हाला दिसलं. म्हणून आम्ही ते वेगळं केलं.

घरच्या गोधड्यांची आम्ही भिशी लावली. बारा जणी. दर अमावस्येला बसतो, कारण अमावस्येला बैल जुंपत नाहीत, मजुरीची कामंही बहुतेक बंद असतात. गावातले काही टवाळ आम्हाला "अमावस्येच्या बाया" म्हणतात. म्हणोत. चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिची गोधडी त्या दिवशी. जिची गोधडी तिने कापड आणायचं, पदर जुळवून कच्चे टाके घालून ठेवायचे आणि चहा करायचा. दोऱ्याची रिळं गटाच्या पैशातून. एका गोधडीभोवती सहाच जणी नीट बसतात, म्हणून पाळ्या केल्या आहेत. सहा जणी, चार तास, २४ तासांचं काम एका दुपारीत उठतं. उरलेल्या सहा जणी सुया ओवतात, पोरं सांभाळतात आणि पाचव्या पदराची काळजी घेतात. या भिशीत बेडूक चालतात, बैलही चालतो. फक्त गाठ आत हवी.

या दोन वर्षांत तारखेवरच्या चौदा गोधड्यांपैकी अकरा निकालात निघाल्या. सात वर्षांवाली अजून तारखेवरच आहे. तिला आता कुणी हात लावू देत नाही, तिच्यामुळे बाकीच्यांना धीर येतो.

विकायच्या कामाची वही वेगळी. त्यात पहिला रकाना तासांचा. आमच्या शब्दांचे त्यात रकानेच केले आहेत. मुंगी टाक्याचा दर वेगळा, बेडूक टाक्याचा वेगळा, कारण वेळ वेगळा लागतो. सातव्या महिन्याच्या गोधडीला पोटाचे पैसे जास्त, सुई कष्टाने जाते. गिऱ्हाइकाने मधेच रंग बदलायला सांगितला तर परतवारीचे पैसे वेगळे. पहिल्यांदा हे रकाने गंमत म्हणून पाडले होते. मग लक्षात आलं की दर ठरवायला लागणारं सगळं त्या शब्दांत आधीच होतं: टाक्याची लांबी, भरणीची जाडी, वाया गेलेला वेळ. आपल्या सासवांनी मजुरी कधी घेतली नाही, पण मापं घेऊन ठेवली होती.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. तो व्यापारी परत आला नाही. शेजारच्या एका गावात त्याला ३६० मध्ये शिवणाऱ्या मिळाल्या. आमच्यातल्याही दोघी तिकडे जाऊन शिवतात. एकीच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसरीवर हप्ते आहेत. ८९१ची वाट बघायला त्यांच्याकडे वेळ नाही. त्यांना कुणी नावं ठेवलेली नाहीत. त्या अमावस्येला येतात, बसतात, हसतात. पण वही उघडली की मान खाली घालतात, आणि आम्हालाही वही उघडावीशी वाटत नाही. गेल्या वर्षात आमच्या दराने गेलेल्या गोधड्या नऊ. त्यातल्या चार एका लग्नघराने रुखवतासाठी घेतल्या, बाकीच्या ओळखीतून गेल्या. नऊ म्हणजे फार नाहीत.

शेजारच्या त्या गावातल्या बायांशी आमचं बोलणं सुरू आहे. त्यांना आम्ही दर सांगायला गेलो नाही, आधी शब्द विचारले. लांब टाक्याला त्या "टिटवी" म्हणतात आणि फार भरलेल्या गोधडीला "सावकार". सावकार आमच्या वहीत लगेच चढवला. त्यांची वही त्यांनी करावी, घड्याळ लावून आपले टाके आपण मोजावेत, एवढं ठरलं आहे. मोजणी येत्या अमावस्येला दुपारी दोन वाजता. तुमच्या गावात लांब टाक्याला काय म्हणतात, अर्धवट राहिलेल्या गोधडीला काय, फार बोलणाऱ्या शिवणारीला काय, ते आम्हाला रेडिओच्या पत्त्यावर कळवा. फार चावट असेल तर पाकीट बंद करून पाठवा.